नफ्स, रूह आणि अक्ल : इस्लामी तत्त्वज्ञानातील मन-आत्म्याची सीमारेषा

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मला बोलावले, याबद्दल प्रथम मंडळाचे आभार मानतो. विषय मात्र मी माझ्या हट्टाने निवडला आहे. चिटणीसांना वाटत होते की मी ज्ञानेश्वरीवर बोलावे. परंतु या शहरात सात दशके काढल्यावर, ज्या परंपरेचे शब्द आपण रोज नकळत उच्चारतो तिच्याकडे एकदा तरी मराठीतून पाहावे, असे मला फार दिवसांपासून वाटत होते. मी अरबीचा पंडित नाही. माझे वडील निजामाच्या राजवटीत उर्दू माध्यमातून शिकले. घरातल्या उर्दू पुस्तकांमुळे मला या विषयाचा नाद लागला. पुढे तत्त्वज्ञान शिकविताना भाषांतरांच्या आधाराने जेवढे वाचता आले, तेवढ्याच शिदोरीवर हे धाडस करीत आहे.

ग्रंथालयात बोलतो आहे, म्हणून आरंभ एका ग्रंथालयापासूनच करतो. दहाव्या शतकाच्या अखेरीस बुखारा येथे सामानी घराण्याचा सुलतान नूह इब्न मन्सूर आजारी पडला. त्याच्या वैद्यांनी एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला मसलतीसाठी बोलावून घेतले. सुलतानाची मर्जी बसल्यावर या मुलाने त्याच्याकडे एकच मागणे मागितले : दरबारच्या ग्रंथसंग्रहात जाण्याची परवानगी. त्याने पुढे आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे की तिथे अनेक दालने होती, प्रत्येक दालनात एका विषयाच्या ग्रंथांच्या पेट्या एकावर एक रचलेल्या होत्या, आणि प्राचीन ग्रीकांच्या ग्रंथांची यादी पाहून त्याने हवे ते ग्रंथ मागून घेतले. हा मुलगा म्हणजे इब्न सीना. जन्म इसवी सन 980, मृत्यू 1037. ॲरिस्टॉटलचा ‘मेटाफिजिक्स’ हा ग्रंथ त्याने चाळीस वेळा वाचला आणि तरीही तो कळला नाही. मग एके दिवशी पुस्तकबाजारात एका विक्रेत्याने फाराबीचे एक छोटे पुस्तक तीन दिरहमांना त्याच्या गळ्यात मारले आणि ते वाचताच सगळे उलगडले. दुसऱ्या दिवशी त्याने गरिबांना दानधर्म केला. ज्यांनी आपल्या ग्रंथपालांकडून एखादे जाडजूड पुस्तक चार वेळा नेऊन चार वेळा न कळता परत केले असेल, त्यांना हा प्रसंग दिलासा देणारा वाटेल.

आता शब्दांकडे वळतो, कारण या विषयातला निम्मा घोटाळा शब्दांचाच आहे.

नफ्स, रूह, अक्ल आणि कल्ब असे चार शब्द आहेत. ‘नफ्स’चे नाते श्वासाशी आहे, ‘रूह’चे वाऱ्याशी. आपल्या ‘आत्मन्’ आणि ‘प्राण’ या शब्दांच्या पोटातही श्वासच दडलेला आहे. माणूस मेला म्हणजे काय थांबते, हे सर्वांनी सारखेच पाहिले असणार. ‘अक्ल’चे मूळ गमतीदार आहे. उंट भटकू नये म्हणून त्याचा पाय ज्या दोरीने बांधतात तिला ‘इकाल’ म्हणतात. त्याच धातूपासून ‘अक्ल’ निघाला. माणसाला आवरून धरते ती अक्कल. ‘कल्ब’ म्हणजे हृदय. उलटणे, पालटणे या अर्थाच्या धातूपासून आलेला.

नवव्या शतकात बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांची अरबी भाषांतरे होऊ लागली, तेव्हा ग्रीकांच्या ‘प्सुखे’साठी ‘नफ्स’ आणि ‘नूस’साठी ‘अक्ल’ हे शब्द मुक्रर झाले. इथे एक पेच निर्माण झाला, तो आजही कायम आहे. तत्त्वज्ञांच्या लेखी नफ्स हा आत्म्याच्या जागी आहे. शरीराहून वेगळा, अमर. रूह मात्र, वैद्यांच्या परिभाषेत, हृदयाच्या पोकळीत उत्पन्न होऊन धमन्यांतून सर्वांगात पसरणारी एक सूक्ष्म वाफ आहे. म्हणजे जवळजवळ आपला प्राण. सूफींच्या बोलण्यात याच्या नेमके उलट आहे. तिथे रूह आत्म्याच्या जागी असते, आणि नफ्स म्हणजे हट्टी, वासनांध, माणसाला खाली ओढणारे असे काहीतरी, ज्याच्याशी आयुष्यभर झुंजायचे. कुराणातच नफ्सच्या तीन अवस्था सूचित आहेत : वाईटाकडे ढकलणारा, स्वतःला दोष देणारा आणि शांत झालेला. समर्थांनी मनाच्या श्लोकांत ज्याला समजावले तो श्रोता या पहिल्या दोन अवस्थांतल्या नफ्सचा सख्खा भाऊ शोभेल. तेव्हा नफ्सचे भाषांतर ‘आत्मा’ करावे की ‘मन’, याचे उत्तर एकच नाही. कोण बोलतो आहे ते आधी पाहावे लागते. हे न पाहता केलेली भाषांतरे मी वाचली आहेत, आणि त्यांत आत्म्याला ठार मारण्याचा उपदेश वाचून दचकलोही आहे.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडील आस्तिक दर्शने आपसांत कितीही भांडत असली, तरी मन हे आत्मा नव्हे, ते साधन आहे, यावर त्यांचे बहुतांशी एकमत आहे. सांख्यांनी तर मन, अहंकार आणि बुद्धी ही तिन्ही प्रकृतीच्या पदरात टाकली आणि पुरुषाला निव्वळ साक्षी ठेवले. इब्न सीनाची रेषा निराळ्या जागी पडते. ती मन आणि बुद्धी यांच्यामधून जाते. बुद्धी, म्हणजे अक्ल, ही नफ्सच्या स्वरूपातच आहे. ती आत्म्याच्या बाजूला. आणि आपण ज्याला सर्वसाधारणपणे मन म्हणतो ते कल्पना, शंका, आठवण, भीती हे सगळे शरीराच्या बाजूला.

‘किताबुश्शिफा’ या त्याच्या महाग्रंथात नफ्सवर एक स्वतंत्र भाग आहे. तिथे तो पाच अंतरिंद्रिये सांगतो आणि, वैद्य असल्यामुळे, मेंदूच्या पोकळ्यांत त्यांच्या जागाही नेमून देतो. अगदी पुढे ‘हिस्से मुश्तरक’, जिथे डोळा, कान, जीभ यांनी आणलेली खबर एकत्र होते. पडणारा पावसाचा थेंब आपल्याला रेघेसारखा दिसतो, तो या शक्तीमुळे. डोळ्याला एका क्षणी थेंब एकाच जागी दिसत असतो. तिच्या मागे ‘खयाल’, म्हणजे पाहिलेल्या आकृतींची कोठी. मधल्या पोकळीत त्या आकृती जोडणारी-तोडणारी शक्ती. माणसात ती बुद्धीच्या हाताखाली वागली की तिला ‘मुफक्किरा’, विचार करणारी, म्हणायचे. तिथेच ‘वहम’. मेंढीला लांडगा दिसतो. रंग आणि आकार डोळ्याला दिसतात, पण त्याचे वैर डोळ्याला दिसत नाही, तरीही मेंढी पळते. ते वैर ओळखणारी शक्ती म्हणजे वहम. आणि सर्वांत मागे ‘हाफिजा’, वहमने ओळखलेल्या गोष्टी साठविणारी स्मृती.

श्रोतेहो, यातले बहुतेक शब्द आपल्या घरातलेच आहेत. खयाल आपण मैफलीत नेऊन बसविला. वहमचा आपण वहीम केला आणि तो कुणावरही घेऊ लागलो. फिक्रची फिकीर झाली. विचार करणाऱ्याला काळजी लागतेच, हा निष्कर्ष मराठीने परस्पर काढला. अक्कल तर आपण बदामावर वाढवितो.

मेंदूच्या पोकळ्यांचा हा नकाशा गेलनच्या वैद्यकातून उतरला होता आणि तो आज कोणी मानत नाही. परंतु नकाशा चुकीचा निघाला, तरी त्यामागचा प्रश्न निकालात निघत नाही. स्मृती शरीराची असेल, तर शरीर गेल्यावर जो उरतो तो कोण?

इथे मला एक घरची गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या आईची स्मृती अखेरच्या चार वर्षांत हळूहळू गेली. आधी अलीकडचे गेले, मग नातवंडे, मग मी. मी जेवायला वाढू लागलो की ती परक्या माणसाला म्हणावे तसे म्हणे, ‘‘तुम्ही जेवलात का?’’ मुलाची ओळख गेली होती, पण आल्यागेल्याला जेवणाचे विचारायचे राहिले नव्हते. माझा आवाज चढला तर ती अंग चोरी. म्हणजे इब्न सीनाच्या हिशेबाने वहम जागा होता, हाफिजा रिकामी झाली होती. त्या काळात मी हा विषय शिकवीत नव्हतो. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. तरीही रात्री जागरणात मी पुन्हा ती जुनी टिपणे काढून बसलो, ते पांडित्यासाठी नव्हे.

इब्न सीनाचा एक युक्तिवाद असा आहे : शरीराच्या शक्ती चाळिशीच्या सुमारास उतरणीला लागतात, बुद्धी मात्र त्यानंतर बहुधा अधिक पक्व होते, तेव्हा ती शरीराची शक्ती नसावी. मग आजारात, म्हातारपणात माणूस मिळविलेले ज्ञान का विसरतो? त्याचे उत्तर असे की नफ्सला दोन कामे आहेत, एक शरीर सांभाळण्याचे आणि एक स्वतःचे, जाणण्याचे. एकात गुंतला की दुसऱ्यात त्याचे लक्ष राहत नाही. घर कोसळू लागले की मालक पोथी बाजूला ठेवून वासे धरायला धावतो. ही उपमा माझी आहे, मुद्दा त्याचा.

मला हे उत्तर त्या रात्री आवडले, आणि आवडले म्हणूनच त्याच्याविषयी संशय आला. कारण याच युक्तिवादावर इमाम गझालीने केलेला हल्ला मला ठाऊक होता. अबू हामिद अल्-गझाली, जन्म 1058, मृत्यू 1111. त्याच्या ‘तहाफुतुल फलासिफा’ या ग्रंथात वीस प्रकरणांतून तत्त्वज्ञांची झाडाझडती आहे. त्यातल्या अठराव्या प्रकरणात तो विचारतो : निरनिराळ्या शक्ती निरनिराळ्या वयात कमी-जास्त होतात, यात नवल काय? एखाद्याचे नाक चाळिशीनंतर तीक्ष्ण होते आणि डोळा मंदावतो; दोन्ही शरीराचेच ना? डोक्याचे केस दाढीच्या आधी पांढरे होतात, कारण ते दाढीहून वयाने मोठे असतात! एवढ्यावरून आत्मा अशरीरी ठरतो काय? गझाली आत्मा नाकारीत नाही, हे लक्षात घ्या. त्याचे म्हणणे इतकेच की तुमच्या तर्काने तो सिद्ध होत नाही. तुम्ही सिद्ध झाल्याचा आव आणता. माझ्या मते ही टीका आजही निरुत्तर करणारी आहे.

परंतु गझालीचा खरा विचार पाहायचा तर ‘इह्या उलूमुद्दीन’मधील ‘हृदयाची नवले’ हे प्रकरण वाचावे. आरंभीच तो आपले चार शब्द घेतो आणि प्रत्येकाचे दोन अर्थ सांगतो. कल्ब म्हणजे छातीत डाव्या बाजूला असलेला मांसाचा गोळा, तो जनावरालाही असतो. आणि कल्ब म्हणजे एक दैवी, सूक्ष्म तत्त्व. रूह म्हणजे ती वाफ, घरात फिरविलेल्या दिव्याच्या उजेडासारखी अंगभर पसरणारी. आणि रूह म्हणजे तेच सूक्ष्म तत्त्व. नफ्स म्हणजे राग आणि वासना यांचे ठाणे. आणि नफ्स म्हणजे माणसाचे खरे ‘मी’पण. अक्ल म्हणजे ज्ञान. आणि अक्ल म्हणजे जाणणारा. पहिले चार अर्थ चार वेगळ्या गोष्टींचे, दुसरे चारही अर्थ एकाच गोष्टीचे. मघाशी सांगितलेला भाषांतराचा पेच त्याने अशा रीतीने सोडविला : शब्द चार आहेत म्हणून वस्तू चार नाहीत.

हे लिहिणाऱ्या माणसाने मन आणि शरीर यांचे नाते स्वतःच्या देहावर भोगले होते. 1095 साली बगदादच्या निजामिया मदरशात तो कीर्तीच्या शिखरावर असताना एकाएकी त्याची वाचा बसली. शिकवायला उभा राहिला तरी शब्द फुटेना, अन्न गिळवेना. हा आजार मनात उपजून प्रकृतीत उतरला आहे, तेव्हा मनाचा भार उतरल्याशिवाय औषध लागू पडणार नाही, असा वैद्यांनी निर्वाळा दिल्याचे त्यानेच आत्मकथनात नोंदविले आहे. त्याच वर्षी पद आणि मानमरातब सोडून तो बगदादबाहेर पडला.

आता आपल्या शहराकडे येतो. 1888 साली हैदराबादेत ‘दाइरतुल मआरिफ’ ही संस्था निघाली. दुर्मीळ अरबी हस्तलिखिते मिळवून ती छापणे हे तिचे काम. 1938-39 च्या सुमारास तिने तीन भागांत एक ग्रंथ छापला : ‘किताबुल मुअतबर’. लेखक अबुल बरकात अल्-बगदादी, बाराव्या शतकातला वैद्य. जन्माने यहुदी, उतारवयात मुसलमान झालेला. जगभरचे अभ्यासक आजवर ज्या मुद्रित प्रतीचा हवाला देत आले, ती आपल्या गावी छापली गेली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. मलाही ते निवृत्तीनंतर कळले. बसथांब्यावर उभे राहून ती इमारत कितीदा पाहिली होती!

या अबुल बरकातने इब्न सीनाची सीमारेषाच पुसून टाकली. तो म्हणतो, पाहणारा मी, आठवणारा मी, विचार करणाराही मीच. हे मला आतून थेट ठाऊक आहे. मग पाहणे आणि आठवणे मेंदूच्या वाट्याला आणि विचार तेवढा आत्म्याच्या वाट्याला, ही वाटणी कोणी केली? इंद्रिये आणि मेंदू ही आत्म्याची हत्यारे खरी, पण ज्ञान कुठलेही असो, ते एकाच आत्म्याचे. बुद्धी नावाची काही वरच्या जातीची वस्तू निराळी काढण्याचे कारण नाही.

दुसऱ्या टोकाला स्पेनमध्ये इब्न रुश्द (1126 ते 1198) पोचला. ॲरिस्टॉटलवरील आपल्या मोठ्या भाष्यात त्याने म्हटले की ग्रहण करणारी बुद्धी सर्व मानवजातीत मिळून एकच आहे. कल्पना आणि स्मृती ज्याच्या त्याच्या शरीरातल्या, त्या शरीराबरोबर संपणार. मग व्यक्ती म्हणून उरायचे काय? या एका वाक्याने युरोपात मोठी खळबळ उडाली. 1270 साली थॉमस अक्वायनसने त्याविरुद्ध स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्या वादात मी शिरत नाही.

मला पुन्हा इब्न सीनाकडेच जावेसे वाटते, कारण त्याचे सर्वांत बलवान शस्त्र चाळिशीचा युक्तिवाद नव्हे. ते शस्त्र म्हणजे हवेत तरंगणारा माणूस. तो म्हणतो, कल्पना करा : एक माणूस एकदम, पूर्ण वाढलेला, निर्माण झाला आहे. डोळे झाकलेले. तो पोकळीत अशा रीतीने तरंगतो आहे की हवाही अंगाला लागत नाही. हातपाय पसरलेले, एकमेकांना न शिवणारे. त्याने कधी काही पाहिलेले नाही, ऐकलेले नाही, त्याला आठवायला काहीही नाही. त्याला आपण आहोत हे कळेल की नाही? इब्न सीना म्हणतो, कळेल. हात, काळीज, मेंदू यांची त्याला वार्ताही नसेल, पण ‘मी आहे’ हे त्याला कळेल. यावर आक्षेप घेता येतो : शरीराची जाणीव नसणे म्हणजे शरीर नसणे नव्हे. खुद्द इब्न सीनाने याला सिद्धता म्हटलेले नाही. जागे करणारी खूण, असे तो म्हणतो.

उत्तरायुष्यातल्या ‘इशारात’ या ग्रंथात हीच खूण पुन्हा देताना त्याने एक भर घातली आहे. झोपलेल्या माणसालाही, नशेत असलेल्यालाही, स्वतःची जाणीव सुटत नाही. फक्त ती जाणीव त्याच्या स्मृतीत उरत नाही. जाणीव वेगळी आणि जाणिवेची आठवण वेगळी. मी हा भेद अनेक वर्षे वर्गात सांगितला, पण तो मला समजला तो आईच्या खाटेशी बसून. ती येणाऱ्या प्रत्येकाला विचारी, ‘‘तुम्ही कोण?’’ डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, मला. दिवसातून दहा वेळा. स्वतःचे नाव ती विसरली होती, गाव विसरली होती. परंतु ‘‘मी कोण?’’ असे तिने चार वर्षांत एकदाही विचारले नाही. यावरून काही सिद्ध होते असे मी म्हणत नाही. गझाली समोर असता तर त्याने पुन्हा दाढीचे केस मोजले असते.

तरीही इब्न सीनाच्या उत्तरात एक उणीव राहतेच. ‘मी आहे’ एवढेच उरले आणि मुले, घर, अंगण यांपैकी काही उरले नाही, तर तो ‘मी’ माझी आई कसा? ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न सतराव्या शतकात इराणात शीराझच्या मुल्ला सद्राने केला. त्याच्या मते आत्मा शरीरात येऊन राहत नाही. तो शरीरातच उपजतो आणि अस्तित्वाच्या अखंड हालचालीतून, फळ पिकत जावे तसा, सूक्ष्म होत जातो. आरंभ देहाचा, शेवट चैतन्याचा. दुसरे, खयाल मेंदूत साठलेला नाही; तोही अशरीरी आहे. मेंदू हे केवळ निमित्त. म्हणून आयुष्यभर पाहिलेले, कल्पिलेले, साठविलेले आत्म्याबरोबर जाते. त्यातूनच त्याला परलोकीचा देह मिळतो. इब्न सीनाने देहाबरोबर टाकून दिलेले मन सद्राने असे उचलून पलीकडे नेले. त्याचा ‘अस्फार’ हा अवाढव्य ग्रंथ उर्दूत आणण्याचे कामही याच शहरात, उस्मानिया विद्यापीठाच्या भाषांतर विभागासाठी, मौलाना मनाझिर अहसन गिलानी यांनी अंगावर घेतले होते. वडिलांच्या कपाटातल्या पुस्तकांमुळे या वाटेला लागलेल्या मला ते नाव पुढे भेटले, तेव्हा ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटले.

सद्राचे म्हणणे मला पटले काय, असे कोणी विचारील. पटावे असे फार वाटते. तर्काने पाहू गेलो तर स्मृती अशरीरी आहे हे म्हणणे, मेंदूच्या आजारात माणसाच्या आठवणी एकेक करून गळताना पाहिलेल्या माणसाच्या गळी उतरणे कठीण आहे. सद्रा म्हणेल की गळाले ते आठवणीपर्यंत जाण्याचे दार; आतले सामान तसेच आहे. कदाचित. कुराणात रूहविषयी प्रश्न विचारणाऱ्यांना, ती ईश्वराच्या आज्ञेतली बाब आहे आणि माणसाला ज्ञान थोडेच दिलेले आहे, अशा अर्थाचे उत्तर मिळते. तरी या लोकांनी एक हजार वर्षे विचारायचे सोडले नाही.

आई गेली त्या आठवड्यात एका संध्याकाळी तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि नेहमीचा प्रश्न न विचारता म्हणाली, ‘‘तुम्ही रोज येता.’’ मी म्हणालो, ‘‘हो.’’ मग तिने विचारले, ‘‘जेवलात का?’’